नॉर्वेजियन जोडशब्द सारखे तुटतात किंवा भलतीकडे जुळतात? सांधा तपासण्याचा क्रम

लक्षणं आधी

नॉर्वेजियन लिहिताना खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी वारंवार होत असतील, तर बिघाड बहुधा एकच असतो. शब्द कमी माहीत आहेत असं वाटत राहतं, पण खरी चूक शब्दाच्या सांध्यात असते.

– दोन्ही शब्द बरोबर, दोन्हींचं स्पेलिंग बरोबर, संगणक लाल रेघ ओढत नाही. तरी तपासणारा मधल्या मोकळ्या जागेखाली कंस काढून जोडायला सांगतो.
– शब्द जोडून लिहिला की फोनचा कीबोर्ड तो आपोआप फोडतो.
– एन आणि एत (नामाआधी येणारे, लिंगाप्रमाणे बदलणारे ‘एक’) छोट्या नामांना बरोबर लागतात, लांब नामांना मात्र हमखास चुकतात.
– मधला एस कधी राहून जातो, कधी उगाच घुसतो.
– अर्जात किंवा अहवालात ओळ संपताना शब्द अशा जागी तुटतो की वाचणारा अडखळतो.
– वाक्य व्याकरणात बसतं, अर्थ मात्र हास्यास्पद होतो. लाम्मेलॉर म्हणजे कोकराची मांडी. मध्ये जागा सोडलीत की लाम्मे लॉर, म्हणजे लुळ्या पडलेल्या मांड्या. रोऊकफ्रित्त म्हणजे धूम्रपानमुक्त. रोऊक फ्रित्त म्हणजे खुशाल ओढा. कूल्लिंगलेवेर म्हणजे कोंबडीची कलेजी, आणि कूल्लिंग लेवेर म्हणजे कोंबडी जिवंत आहे. मेनूकार्डावर हे तिसरं फार वाईट दिसतं.

पुढे वाचण्याआधी लिपीचं एक सांगायला हवं. नॉर्वेजियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे न लिहिता अक्षराला अक्षर ठेवून लिहिले आहेत, कारण या दुरुस्तीत अक्षरं मोजावी लागतात. काना दिसला तरच तिथे ‘ए’ हे पहिलं अक्षर आहे असं समजा. व्यंजनात दडलेला अ मोजायचा नाही. वाय या अक्षरासाठी ऊ, जे साठी य, वर गोळी असलेल्या ए साठी ऑ आणि ए-ई जुळून झालेल्या अक्षरासाठी अ‍ॅ वापरला आहे. तिरकी रेघ असलेला ओ देवनागरीत साध्या ओ सारखाच दिसेल, पण कीबोर्डवर तो वेगळाच टाकायचा.

बिघाड का होतो

नॉर्वेजियनमध्ये दोन नामं मिळून एका वस्तूचं नाव झालं की ती सलग लिहितात, मधे जागा नाही. जागा सोडण्याच्या चुकीला तिथे सॅर्स्क्रिविंग म्हणतात. शाळेपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत नॉर्वेजियन लोक स्वतःही ही चूक करतात आणि दुसऱ्याने केली की लगेच हसतात. इंग्रजीची सवय हे एक कारण. मराठी डोळ्याचं कारण वेगळं आहे. आपल्या व्याकरणात सामासिक शब्द जोडूनच लिहायचा असतो, पण छापील मजकुरात आपण ‘बस थांबा’, ‘पाणी पुरवठा’, ‘जिल्हा परिषद’ असं सुटं लिहितो आणि कुणी अडवत नाही. तीच सैल सवय नॉर्वेजियनमध्ये नडते.

समासाची मूळ कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. बार्नेहागे म्हणजे मुलं आणि बाग. आपली बालवाडी याच घडणीची. ज्याला तत्पुरुष कळतो त्याला नॉर्वेजियन जोडनामाचा अर्धा भाग फुकटात येतो.

आता तपासण्या. क्रम फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून वेळखाऊ गोष्टींकडे आहे. वरची तपासणी टाळून खाली उतरू नका. बहुतेक चुका पहिल्या तिनांतच सापडतात.

१. भाषेची सेटिंग

वर्डमध्ये संपूर्ण मजकूर निवडा आणि रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे जाऊन नॉर्वेजियन बोकमॉल (भाषेचं जास्त चालणारं लिखित रूप) लावा. नूनोर्स्क या दुसऱ्या लिखित रूपात लिहीत असाल तर ते. ईमेलमधून चिकटवलेला परिच्छेद स्वतःची इंग्रजी सेटिंग घेऊन येतो, त्यामुळे एकाच पानावर तीन ओळी नॉर्वेजियन आणि चौथी इंग्रजी असं होतं. फोनवरही नॉर्वेजियन कीबोर्ड वेगळा जोडा. इंग्रजी कीबोर्डवर टाईप केलंत तर तो प्रत्येक जोडशब्द फोडायला बघणारच.

हे पहिलं करायचं कारण इतकंच, की सेटिंग चुकीची असेल तर यंत्र दर दोन मिनिटांनी तुमची दुरुस्ती उलटवत राहतं. पण लाल रेघ गेली म्हणजे चूक गेली असं समजू नका. कूल्लिंग हा शब्द कोशात आहे, लेवेर हाही आहे. फोडलेला जोडशब्द साध्या स्पेलचेकला दोन निर्दोष शब्द वाटतो. उलट, बरोबर जोडलेला पण कमी वापरातला शब्द तो लाल करतो. या एका बाबतीत लाल रेघेवर विश्वास ठेवून शब्द फोडणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

२. कान

शब्द मोठ्याने म्हणा आणि जोराच्या प्रत्येक जागी टेबलावर टिचकी मारा. नोर्स्कलॅरेर, म्हणजे नॉर्वेजियन शिकवणारा शिक्षक: मुख्य जोर फक्त नोर्स्कवर, टिचकी एक. नोर्स्क लॅरेर, म्हणजे स्वतः नॉर्वेजियन असलेला शिक्षक, मग तो गणित का शिकवेना: टिचक्या दोन. एक टिचकी असेल तर एक शब्द.

पुण्यात बसून नॉर्वेजियन शिकणारा मराठी माणूस नोर्स्कलॅरेर तोंडपाठ करतो आणि एका ओघात म्हणतो, पण दोन्ही भागांवर सारखाच जोर देऊन. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून ही तपासणी आपल्याला जड जाते. स्वतःच्या उच्चारावर भरवसा नसेल तर बातम्यांतला निवेदक तो शब्द कसा म्हणतो ते ऐका. तरीही फरक ऐकू येत नसेल तर वेळ न घालवता पुढे चला.

३. मधे काही शिरतं का

विशेषण आणि नाम असेल तर निश्चित रूप (इंग्रजी ‘द’ च्या अर्थाचं) करून बघा. एन स्तोर बू, म्हणजे एक मोठं शहर. निश्चित केलं की देन स्तोरे बूएन, विशेषणाला ई लागला. एन स्तोरबू म्हणजे महानगर. निश्चित रूप स्तोरबूएन, स्तोर जागच्या जागी. पहिला भाग हलत नसेल तर शब्द एकच आहे. रोद विन म्हणजे लाल रंगाची कुठलीतरी वाईन, रोदविन म्हणजे रेड वाईन नावाचा प्रकार.

नाम आणि नाम असेल तर काम अजून सोपं: दोन उघडी नामं शेजारी आली की जोडा. अपवाद मोजमापाचे. एन कोप्प काफ्फे म्हणजे कपभर कॉफी, सुटं. एन काफ्फेकोप्प म्हणजे कॉफीचा कप, रिकामा असला तरी चालेल, जोडून. एत ग्लास्स वान्न, ग्लासभर पाणी, सुटं. वान्नग्लास्स, पाण्याचा ग्लास, जोडून. मापाची वस्तू आधी येते तेव्हा सुटं, आणि वस्तूचा प्रकार सांगायचा असतो तेव्हा ती शेवटी जाऊन चिकटते. पदव्याही सुट्या राहतात: कोंग हाराल्द. आणि रस्त्याला माणसाचं पूर्ण नाव असेल तर कार्ल योहान्स गाते असं सुटं. स्तोरगाता, किर्केगाता मात्र जोडून.

४. उजवीकडून वाचा

लिंगाची चूक असेल तर शब्द डावीकडून वाचणं थांबवा. बोटाने सुरुवातीचा भाग झाका आणि उघडा राहिलेला शेवटचा तुकडा बघा. सगळं तोच ठरवतो: लिंग, निश्चित रूप, अनेकवचन.

आपल्याकडे देव पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी, आणि देवघर नपुंसकलिंगी. तिथेही तसंच. एत बार्न, पण एन बार्नेहागे, कारण हागे पुल्लिंगी. एन स्कात्त, पण एत स्कात्तेकोर्त, कारण कोर्त नपुंसक. एन लेगे, पण एत लेगेकोन्तोर. चूक होते ती ओळखीचा पहिला शब्द डोळ्यांत भरतो म्हणून: बार्न दिसलं की हात आपोआप एत लिहितो.

अडचण एकाच ठिकाणी येते. शेवटचा तुकडा दिसायला सारखा पण शब्द वेगळा असेल तर लिंगही वेगळं असतं. हुसलेइए म्हणजे घरभाडं, तिथे एन किंवा स्त्रीलिंगी एइ. एल्वेलेइए म्हणजे नदीचं पात्र, तिथे एत. हे लेइए ‘बिछान्याचं’ आहे, भाड्याचं नव्हे. असं दिसलं तर लिंग ठरवण्याआधी शेवटच्या तुकड्याचा अर्थ कोशात बघा.

५. मधलं अक्षर

खरी मेहनत इथे आहे. दोन भागांमध्ये एस किंवा ई येतो, किंवा काहीच येत नाही. नॉर्वेजियन लोक या अक्षराला फुगे म्हणतात. गवंडीकामात फरश्यांच्या मधली दर्ज जी भरतात तिलाही तोच शब्द. मराठीत याच्या जवळचं काही हवं असेल तर घोडेस्वार आणि आंबेमोहोर बघा: घोडा आणि आंबा समासात शिरताना रूप बदलून शिरतात.

पहिल्या भागाचा शेवट बघा. हेत, स्योन, तेत, दोम, स्काप, एल्से, इंग या प्रत्ययांनी शब्द संपत असेल तर जवळजवळ नेहमी एस लागतो: इन्फोर्मास्योन + स + मोते, उनिवेर्सितेत + स + बिब्लिओतेक, बार्नदोम + स + मिन्ने, बेतालिंग + स + फ्रिस्त, बेग्रावेल्से + स + बूरॉ. हेल्सेस्तास्योन बघून गोंधळू नका. हेल्से म्हणजे आरोग्य, तिथला एल्से प्रत्यय म्हणून आलेला नाही, म्हणून एस नाही.

पहिला भाग क्रियापद असेल तर ते मूळ रूपातल्या ई सकट येतं: स्पिसेबोर्द, स्क्रिवेबोर्द, वेन्तेतिद. पहिला भाग ई ने किंवा काम करणाऱ्याच्या एर ने संपत असेल तर बहुधा काही लागत नाही: लेगेवाक्त, बार्नेहागेप्लास्स, फोरेरकोर्त.

प्रत्यय नसलेल्या छोट्या शब्दांना मात्र नियम नाही. स्कात्त ला ई लागतो (स्कात्तेकोर्त), आर्बेइद ला एस (आर्बेइद + स + कोन्त्राक्त), हुस ला बहुतेक काही नाही (हुसलेइए). कधी तर एका अक्षराने अर्थच बदलतो. लान्दमान्न म्हणजे शेतकरी. लान्द + स + मान्न म्हणजे देशबांधव. मोर + स + मॉल म्हणजे मातृभाषा. मोरमोर म्हणजे आईची आई. अशा शब्दांसाठी नियम घडवत बसण्यात अर्थ नाही. शब्दाचं कुटुंब पाठ करायचं: आर्बेइद दिसला की एस, स्कात्त दिसला की ई, फोल्क दिसला की ई (फोल्केरेगिस्तेर).

पहिला भागच जोडशब्द असेल तर एक गंमत होते. विनग्लास्स मध्ये एस नाही, पण रोदविन + स + ग्लास्स मध्ये आहे. बोर्दलाम्पे मध्ये नाही, स्क्रिवेबोर्द + स + लाम्पे मध्ये आहे. हा एस वाचणाऱ्याला मोठा सांधा दाखवतो: रोद आणि विन आधी एकत्र, मग ग्लास्स. तो नसता तर ‘विनग्लास्स’ आधी धरून ‘लाल वाइनग्लास’ असं वाचलं गेलं असतं. अपवाद आहेत. फोतबाल्ल जोडशब्द असूनही एस घेत नाही: फोतबाल्लकाम्प. पहिला भाग एस ने संपत असला तरी नवा एस लागत नाही.

शंका असेल तर बोकमॉलसोर्दबोका हा कोश उघडा. तो बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद, म्हणजे स्प्रॉकरॉदेत, मिळून चालवतात, आणि जालावर फुकट आहे. पहिला भाग टाईप करा आणि खाली सुचवले जाणारे जोडशब्द बघा. सांध्यात काय लागतं ते लगेच दिसतं. तुमचा नेमका शब्द कोशात नसला तर तो चूक आहे असं नव्हे. जोडनामं रोज नवी तयार होतात आणि कोणताच कोश ती सगळी ठेवत नाही. त्याच पहिल्या भागाचा दुसरा जोडशब्द शोधा आणि तोच सांधा वापरा.

६. अक्षर गळलंय की जास्त झालंय

आता मोजणी. दोन गोष्टींची इथे सतत गल्लत होते.

सांध्यातला एस आणि पुढच्या शब्दाचा एस दोन्ही लिहायचे. आर्बेइद + स + स्तेद: दोन एस. उंगदोम + स + स्कोले: दोन एस. बोलताना एकच ऐकू येतो, म्हणून लिहिताना एक गळतो. सूकेहुस + सेंग मध्येही दोन, पण तिथे सांध्याचा एस नाहीच. एक हुसचा, एक सेंगचा. स्वरांचंही तसंच: स्कात्ते + एतातेन, कर खात्याच्या नावात दोन ई ओळीने येतात आणि दोन्ही राहतात.

पण एकच व्यंजन तीनदा आलं की एक टाकून द्यायचं. नात्त + तोग, तीन त होतात, लिहायचं नात्तोग. तोप्प + पोलितिकेर चं तोप्पोलितिकेर, त्राफिक्क + कोर्क चं त्राफिक्कोर्क, बुस्स + स्यॉफोर चं बुस्स्यॉफोर, बुस्स + स्तोप्प चं बुस्स्तोप्प. तीन नसताना एक काढला की ती नवीच चूक. तुरिस्त + त्राफिक्क मध्ये त दोनच आहेत, दोन्ही ठेवा.

एक शब्द पूर्ण उकलून बघू: फुटबॉलच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू. तुकडे असे: फोत, बाल्ल, लान्द, स, लाग, स, स्पिल्लेर. सगळ्यात उजवीकडे स्पिल्लेर, म्हणून एन. लान्द आणि लाग मध्ये एस, राष्ट्राचा संघ. लान्दस्लाग हा स्वतः जोडशब्द, म्हणून त्याच्यापुढेही एस. स्पिल्लेरचा स्वतःचा एस आहेच, म्हणून तिथे एस दोन. बाल्लचे दोन ल आणि लान्दचा एक, तीन झाले, एक गेला. हाती येतो फोतबाल्लान्दस्लाग्सस्पिल्लेर. डावीकडून एका दमात लिहायला गेलात तर यातल्या तीनपैकी एका जागी नक्की घसराल. तुकडे आधी अधिक चिन्हाने मांडून मग जोडले तर घसरण होत नाही. कच्च्या वहीत अधिक चिन्हं काढायला लाजू नका.

७. आडवी रेघ

आकडा किंवा सुटं अक्षर आलं की हायफन लागतो: तीवी-सेरिए, पीसी-स्क्येर्म, ५०-ऑर्सदाग, बी१-निवॉ. नॉर्वेजियनच्या परीक्षेच्या अर्जात ‘बी१ निवॉ’ सुटं लिहिणारे पुष्कळ भेटतात, आणि भाषेच्या पातळीबद्दल बोलतानाच ही चूक व्हावी हे जरा वाईट दिसतं. पहिला भाग दोन शब्दांचा असेल तर त्या दोन शब्दांमधली जागा तशीच ठेवून शेवटी हायफन: १७. माइ-तोग, राष्ट्रीय दिनाची मिरवणूक.

दोन जोडशब्दांचा शेवट समान असेल तर पहिल्याचा शेवट काढून हायफन ठेवतात: बार्ने- ओग उंगदोम्सस्कोले. हायफन बार्नेला चिकटून, मग जागा, आणि सांध्याचं अक्षर जागेवर. ‘नाव’ (एनएव्ही) या नॉर्वेच्या रोजगार आणि कल्याण खात्याच्या पूर्ण नावात हेच आहे: आर्बेइद्स- ओग वेल्फेर्द्सफोर्वाल्त्निंगेन. इथला एस काढून ‘आर्बेइद- ओग’ लिहू नका.

८. ओळीच्या शेवटी शब्द तोडणं

आतापर्यंत शब्द जोडत होतो, आता तोडायचा आहे, आणि इथे मराठी हात खास चुकतो. देवनागरीत जोडाक्षर तुटत नाही. आर्बेइद + स + ताकेर (नोकरदार) हा शब्द मनातल्या मनात देवनागरीत उमटला की स आणि त मिळून स्त होतो आणि आपण ‘आर्बेइद-स्ताकेर’ तोडतो. तोंडानेही तसंच म्हटलं जातं. पण तोडायचं आर्बेइद्स-ताकेर, कारण सांध्याचं अक्षर नेहमी डाव्या भागाकडे राहतं. याच्या उलट मोतोर-स्पोर्त: इथला एस स्पोर्तचा आहे, सांध्याचा नाही, म्हणून तो खाली जातो. उच्चाराचे अवयव आणि लिखाणाची तोड एकच असते असं धरलंत की ही दोन उदाहरणं एकमेकांशी भांडतात. आधी सांधा, अवयव नंतर.

सांधा नसलेल्या साध्या शब्दात एक व्यंजन खालच्या ओळीत न्यायचं: हा-गे, कास-ते. एका ध्वनीसाठी असलेली अक्षरजोडी मात्र फोडायची नाही: स्ता-स्योन. एकच अक्षर ओळीच्या कडेला लटकत ठेवू नका.

तीनातलं टाकलेलं व्यंजन तोडताना परत येतं. नात्तोग सलग, पण ओळीवर तुटला की नात्त-तोग. बुस्स-स्तोप्प. फोतबाल्ल- आणि खाली लान्दस्लाग. हे ऐकून लोकांना टंकलेखनाची चूक वाटते; नियमच तसा आहे.

नियमात बसूनही वाचकाला फसवणारी तोड टाळा. कुल्तुरउके, म्हणजे सांस्कृतिक सप्ताह, कुल- इथे तोडला तर चुकीचं नाही, पण कुल म्हणजे मस्त आणि तुर म्हणजे सहल. वाचणारा अर्धी ओळ ‘मस्त सहलीचा आठवडा’ वाचत जातो. कुल्तुर- इथे तोडा.

संगणकाला हे शिकवायचं तर वर्डमध्ये योग्य सांध्यावर कंट्रोल आणि हायफन दाबा. हे अदृश्य चिन्ह गरज पडली तरच दिसतं. साधा हायफन टाकू नका. मजकूर पुढे-मागे सरकला की तो ओळीच्या मधोमध उघडा पडतो. वेबपानावर भाषेचा संकेत एनबी लावा, नाहीतर ब्राउझर नॉर्वेजियनच्या नियमाने तोडत नाही. लॅटेक या मजकूर मांडणीच्या प्रणालीत बाबेल या भाषेच्या पॅकेजला नोर्स्क द्या. तिथे दुहेरी व्यंजनाआधी सरळ अवतरणचिन्ह टाकलं की तुटताना तिसरं व्यंजन आपोआप येतं. वर्डमधलं चिन्ह हे तिसरं व्यंजन आणत नाही, म्हणून असा शब्द ओळीच्या शेवटी आला तर वाक्य थोडं हलवून तो मधे आणणं सोपं.

दुरुस्तीनंतरचा उलटा बिघाड

जोडा, जोडा असं महिनाभर ऐकलं की माणूस सगळंच जोडायला लागतो. इ दाग, इ मोर्गेन, इ ह्वेर्त फाल्ल, पॉ ग्रुन्न आव, तिल स्तेदे ही सुटीच राहतात. ह्वेर दाग म्हणजे दररोज. ह्वेर्दाग म्हणजे सुट्टी नसलेला दिवस. दोन्ही बरोबर, फक्त आपापल्या जागी. तिसरी तपासणी नामांसाठी आहे, अव्ययांच्या झुंडीसाठी नाही.

कुठे थांबायचं

सरकारी खात्याचं, कायद्याचं किंवा कंपनीचं नाव असेल तर वरचं काहीही लावू नका. उत्लेन्दिंग्सदिरेक्तोरातेत, आर्बेइद्समिल्योलोवेन, हुसलेइएलोवेन ही नावं मूळ पानावरून नकलायची. एखाद्या कंपनीने नोंदणीतच नाव फोडून लिहिलं असेल तर तेही तसंच ठेवायचं. दुरुस्त करायचा अधिकार आपला नाही.

कोश पाहूनही सांधा ठरत नसेल, किंवा दोन छापील ठिकाणी दोन रूपं दिसत असतील, तर स्प्रॉकरॉदेतला विचारा. ते लोकांच्या भाषेच्या शंकांना उत्तरं देतात. एका शब्दासाठी आठवडा घालवण्यापेक्षा हे बरं.

भाडेकरार, नोकरीचा करार, न्यायालयाचे कागद, वैद्यकीय अहवाल, जन्म किंवा विवाहाच्या दाखल्याचं भाषांतर: इथे स्वतःची दुरुस्ती थांबवा आणि स्तात्सऔतोरिसेर्त त्रान्स्लातोर, म्हणजे सरकारमान्य अनुवादक, गाठा. करारात एक जोडशब्द फुटला तर विशेषण वेगळ्या नामाला लागू होऊ शकतं, आणि त्यावर कुणी हसत नाही. पुस्तक किंवा प्रबंध छापायला जाणार असेल तर नॉर्वेजियन मुद्रितशोधक हवा. त्याला ओळी तोडण्याची कामं ले-आउट पक्का झाल्यावरच द्या, आधी दिलीत तर पानं सरकून सगळं पुन्हा करावं लागतं. पाठवताना शंका असलेले जोडशब्द वेगळ्या कागदावर, अधिक चिन्हांनी तुकडे पाडून द्या. कोणता तुकडा कशाला जोडायचा होता हे त्याला मजकुरावरून ओळखत बसावं लागत नाही.